आश्रयाविना भय : ‘द बिग शेव्ह’ आणि भयपटाचे संकेत

१

भयपट किंवा थरारपट यांचा विचार करताना अभ्यासकाच्या हातून एक गोष्ट सहज घडते. प्रथम त्या प्रकाराच्या संकेतांची यादी सिद्ध होते : ओसाड जागा, एकटी व्यक्ती, बंद दार, धारदार शस्त्र, किंकाळी, पाठलाग आणि अखेरीस उलगडा. मग समोरची कलाकृती या यादीशी ताडून पाहिली जाते. पाळलेले संकेत एका रकान्यात आणि मोडलेले दुसऱ्या रकान्यात मांडले जातात. पहिला रकाना भरला तर कलाकृती ‘रूढ’ ठरते, दुसरा भरला तर ‘प्रयोगशील’. भयकथा, गूढकथा, रहस्यकथा या साहित्यप्रकारांचा अभ्यासही बहुधा याच वाटेने जातो आणि लोकप्रिय प्रकारांना अभ्यासक्रमात जी थोडी जागा मिळते ती या हिशेबातच संपते.

विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रपटांच्या बाबतीत हा मोह अधिकच बळावतो. विद्यार्थी एक तर शिकविलेले गिरवीत असतो किंवा शिकविलेल्याविरुद्ध बंड करीत असतो, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे त्याच्या कृतीला विचारावयाचा प्रश्नही आधीच ठरून जातो : संकेत पाळले की मोडले? हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. संकेत ही कलाकृतीच्या अंगावरची वस्त्रे नव्हेत की मोजून वेगळी काढावीत. प्रत्येक संकेत प्रेक्षकासाठी काही काम करीत असतो. भयप्रधान कलाकृतीत तर अनेक संकेतांचे काम प्रेक्षकाला भिवविणे हे नसून भयापासून सुखरूप अंतरावर ठेवणे हे असते. म्हणून कोणता संकेत मोडला यापेक्षा कोणता आधार काढून घेतला, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द बिग शेव्ह’ हा १९६७ सालचा लघुपट फार उपयुक्त आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील चित्रपटशिक्षणाच्या वर्तुळात तयार झालेली ही कृती सुमारे सहा मिनिटांची आहे. तीत एक खोली, एक पात्र आणि एक गाणे आहे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत भयपटाचे जवळजवळ सर्व बाह्य संकेत सांभाळले गेले आहेत. आणि तरीही भयपट पाहून उठताना प्रेक्षकाला जी सुटका मिळते ती या चित्रपटात मिळत नाही. ती का मिळत नाही हे शोधू जाता यादीची पद्धत आणि चित्रपटाचा रूढ झालेला राजकीय अर्थ या दोहोंचा फेरविचार करावा लागतो.

२

चित्रपटाचे कथानक एका वाक्यात सांगता येते. एक तरुण पांढऱ्याशुभ्र स्नानगृहात येतो, दाढी करतो आणि दाढी झाल्यावरही करीतच राहतो.

प्रारंभी माणूस नाही. बेसिन, नळ, चकचकीत धातूचे भाग, पांढऱ्या फरशा यांची समीपदृश्ये झपाट्याने एकामागून एक येतात. मग तरुण प्रवेश करतो. ही भूमिका पीटर बर्नुथ यांनी केली आहे. तो अंगातील पांढरा बनियन काढतो आणि ही साधी क्रिया तुकड्यातुकड्यांत, पुन्हापुन्हा दाखविली जाते. तो चेहऱ्याला फेस लावतो, पाते फिरवितो. एकदा दाढी पूर्ण होते, चेहरा स्वच्छ होतो. पण हात थांबत नाही. गुळगुळीत गालावरून पाते पुन्हा फिरू लागते. पहिली बारीक जखम होते, दुसरी होते, रक्ताचे ओघळ बेसिनच्या पांढऱ्या तळावर उतरू लागतात. अखेरीस पाते गळ्यावरून फिरते. या सर्व काळात त्याच्या चेहऱ्यावर वेदनेचे, भीतीचे वा उन्मादाचे चिन्ह उमटत नाही. कामावर जाण्यापूर्वी रोज दाढी करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जेवढे लक्ष असते तेवढेच लक्ष त्याच्याही चेहऱ्यावर असते.

संवाद नाहीत. सोबत आहे ती बनी बेरिगन यांच्या १९३७ मधील ध्वनिमुद्रिकेची. गाण्याचे नाव ‘आय कान्ट गेट स्टार्टेड’. व्हर्नन ड्यूक यांची चाल आणि आयरा गर्श्विन यांचे शब्द असलेले हे गीत १९३६ च्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या रंगमंचीय कार्यक्रमातले. हळुवार गायन आणि ट्रम्पेटचे चढते आलाप यांमुळे ते प्रेमगीत म्हणून ओळखले जाते. चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीत दोन विलक्षण नोंदी येतात. एक, शुभ्रता हर्मन मेल्व्हिल यांची. दुसरी, ‘व्हिएट ’६७’.

येथे स्कॉर्सेसी यांच्या आधीच्या एका विद्यार्थी-लघुपटाची आठवण उपयोगी पडते. १९६३ मधील ‘व्हॉट्स अ नाइस गर्ल लाइक यू डुइंग इन अ प्लेस लाइक धिस?’ या लघुपटात एका लेखकाला भिंतीवरच्या चित्राचा ध्यास लागतो आणि अखेर तो त्या चित्रातच नाहीसा होतो. झपाटलेले चित्र हा भयकथेचा जुना संकेत तेथे विनोदासाठी वापरला आहे. संकेताशी खेळणे या दिग्दर्शकाला आधीपासून अवगत होते. ‘द बिग शेव्ह’मध्ये मात्र खेळकरपणा उरत नाही. तेथे संकेत हसून बाजूला सारलेला नाही, तो गंभीरपणे शेवटपर्यंत नेलेला आहे.

३

प्रथम पाळलेल्या संकेतांकडे पाहावे. एकटी व्यक्ती, बंदिस्त खोली, धारदार पाते, परिचित वातावरणात होणारा प्रारंभ, क्रमाने वाढणारी हिंसा, पाण्याबरोबर वाहून जाणारे रक्त हे सारे येथे आहे. १९६७ च्या प्रेक्षकाला हे सारे कोठून आले हे सांगावे लागले नसते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ने १९६० मध्ये स्नानगृह ही जागा थरारपटाच्या नकाशावर कायमची कोरली होती. रोमान पोलान्स्की यांच्या १९६५ मधील ‘रिपल्शन’मध्ये वस्तरा हे हत्यार होऊन आला होता. त्याहून मागे १९२९ मध्ये बुन्युएल आणि दाली यांच्या ‘अं शियँ आंदालू’त डोळ्यावरून फिरणारा वस्तरा प्रेक्षकांनी पाहिला होता. पुढे नॉक येथील प्रायोगिक चित्रपट महोत्सवात ‘द बिग शेव्ह’ला मिळालेल्या पारितोषिकाचे नावही बुन्युएल यांच्याच ‘लाज दॉर’ या १९३० च्या चित्रपटावरून ठेवलेले होते. तेव्हा हा लघुपट परंपरेबाहेर उभा आहे असे म्हणण्यास जागा नाही.

मात्र ‘सायको’शी तुलना केली की भेदही तितकाच स्पष्ट होतो. ‘सायको’तील स्नानगृहाच्या प्रसंगात पडद्यामागून सावली येते. आघात करणारा आणि आघात सोसणारी यांत पडद्याचे का होईना अंतर आहे. बर्नार्ड हर्मन यांची कर्कश तंतुवाद्ये आघाताची जाणीव कानांना करून देतात. किंकाळी आहे. कृष्णधवल चित्रणामुळे रक्ताचा रंग नाही. पाते शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. ते प्रेक्षक आपल्या मनात पाहतो. हत्येनंतर नॉर्मन बेट्स ते स्नानगृह धुऊन स्वच्छ करतो आणि हे धुणे बराच वेळ चालते. चित्रपटाच्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन घडलेल्या प्रकाराचे कारण समजावून सांगतो.

‘द बिग शेव्ह’मध्ये यांपैकी प्रत्येक गोष्टीची दिशा उलटली आहे. पडदा नाही, सावली नाही, बाहेरून कोणी येत नाही. इशारा देणारे संगीत नाही. जे संगीत आहे ते काहीच वाईट घडत नसल्याचे शेवटपर्यंत सांगत राहते. रक्ताला रंग आहे आणि पाते कातडीवर फिरताना स्पष्ट दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘सायको’त स्वच्छता गुन्ह्यानंतर येते, येथे स्वच्छता हीच गुन्हा होते. तरुण घाण करीत नाही, तो घाण काढीत असतो. पहिल्या हातातील दाढी आणि अखेरचा गळ्यावरचा वार यांत क्रियेचा भेद नाही. पाते तेच, हाताचे वळण तेच. यांतील मर्यादा कोठे ओलांडली गेली हे प्रेक्षकाला बोट ठेवून दाखविता येत नाही. चित्रपटातील भयाचे मूळ या न दाखविता येणाऱ्या जागेत आहे.

केवळ रक्त दाखविणे हे १९६७ साली नावीन्य नव्हते, हेही येथे नोंदले पाहिजे. हर्शेल गॉर्डन ल्युइस यांच्या ‘ब्लड फीस्ट’ने १९६३ मध्येच रंगीत रक्ताचा बाजार मांडला होता. पण तेथे खुनी होता, त्याच्या डोक्यात एक विक्षिप्त पंथ होता, मागावर पोलीस होते. रक्त कितीही सांडले तरी ते कोणाच्या खात्यावर मांडावयाचे हे ठरलेले होते. म्हणजे रूढीचा जो भाग वरवर दुय्यम वाटतो तोच प्रेक्षकाचा खरा आधार असतो. खुनी असणे, त्याला हेतू असणे, अखेरीस तो सापडणे या तीन गोष्टी मिळाल्या की भय एका देहात कोंडता येते. मराठी वाचकाला हा आधार नारायण धारप यांच्या समर्थकथांतून परिचित आहे. तेथे अमंगल शक्ती कितीही प्रबळ असली तरी तिच्यासमोर उभा राहणारा समर्थ आहे, आणि वाचक त्याच्या बाजूला उभा राहून भय अनुभवतो. भयकथेचा हा करार अप्रामाणिक नव्हे; त्या प्रकाराचा आनंद त्यावरच उभा असतो. ‘द बिग शेव्ह’ने मात्र करारावर सही करूनही त्यातील संरक्षणाचे कलम पाळलेले नाही.

४

हा फरक नेमका मांडण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा येथे केवळ अलंकार म्हणून नव्हे तर साधन म्हणून कामी येते. भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, सत्त्वदर्शन, घुबडकोल्ह्यांचा आवाज, शून्य घर, अरण्य यांचा निर्देश केला आहे. अनुभावांत हातापायांचा कंप, रोमांच, चेहऱ्याचा पालटलेला रंग, स्वरभेद यांचा समावेश होतो. भयपटाच्या संकेतांची आधुनिक यादी या जुन्या यादीपासून फारशी दूर नाही. परंतु विभाव आणि अनुभाव यांच्या मध्ये एक आश्रय असावा लागतो. आश्रय म्हणजे ज्याच्या ठिकाणी तो भाव उत्पन्न झालेला दिसतो ते पात्र. अभिनवगुप्ताने भयानकाची चर्चा करताना ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील धावत्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. बाण सोडावयास सिद्ध असलेला राजा हे आलंबन आणि हरीण हा आश्रय. भ्यालेले ते हरीण आहे. सहृदय त्याचे भय अनुभवतो, पण ते स्वतःचे म्हणून नव्हे. देशकालाच्या बंधनातून मोकळे झालेले भय त्याच्या प्रतीतीला येते आणि म्हणूनच ते आस्वाद्य ठरते.

‘द बिग शेव्ह’मध्ये हे हरीण नाही. पाते धरणारा आणि पाते सोसणारा एकच आहे, म्हणजे आलंबन आणि आश्रय एका देहात एकवटले आहेत असे प्रथम वाटते. पण तेही खरे नाही. कारण आश्रय म्हणावे तर त्याच्या ठिकाणी भय नाहीच. कंप नाही, स्वरभेद नाही, चेहऱ्याचा रंग पालटतो तो भयाने नव्हे, रक्ताने. विभाव सगळे उपस्थित आहेत आणि अनुभाव एकही नाही. रंगमंचावर ज्याने भ्यावयाचे तो भीत नाही. तेव्हा ते काम प्रेक्षागृहात बसलेल्याकडे येते. अनुभाव प्रेक्षकाच्या शरीरावर उमटतात : हात नकळत आपल्या गालाकडे जातो, मान आखडते, नजर खाली वळते. दाढी न करणाऱ्यालाही कातडी असतेच. साधारणीकरण येथे पात्राच्या द्वारे घडत नाही. रोजच्या एका क्रियेच्या द्वारे घडते. त्यामुळे भय आस्वाद्य होण्यास जे अंतर लागते ते आक्रसून जाते.

याच संदर्भात भरताच्या आणखी एका विधानाकडे लक्ष वेधले पाहिजे. चार मूळ रसांपासून इतर चार रसांची उत्पत्ती सांगताना त्याने भयानकाचा उगम बीभत्सातून मानला आहे. हे विधान सूत्ररूप आहे आणि त्याची संगती लावताना टीकाकारांना कष्ट पडले आहेत. थरारपटाचा रूढ क्रम तर याच्या नेमका उलट असतो. तेथे भय आधी असते, बीभत्स नंतर. हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रूफो यांच्याशी झालेल्या संभाषणांत धक्का आणि उत्कंठा यांतला भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने स्पष्ट केला होता. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले तर स्फोटापर्यंतची मिनिटे उत्कंठेची होतात. भय हे अशा रीतीने भविष्याकडे पाहत असते आणि रक्त दिसले की ते संपते. ‘द बिग शेव्ह’मध्ये पहिल्या जखमेपूर्वी भयाचे कारणच दिलेले नाही. प्रथम किळस येते, ती वाढत जाते, आणि किळस असह्य झाल्यावर मागाहून भय येते. तेही ‘याचे काय होईल’ असे नव्हे, तर ‘हा थांबत का नाही’ असे. बीभत्स हा जनक आणि भयानक हा जन्य, हा भरताचा क्रम येथे प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. प्राचीन परिभाषेला आधुनिक कृतीचे दाखले जोडण्याचा छंद अनेकदा कृत्रिम होतो. या ठिकाणी मात्र परिभाषेमुळे कृतीतले असे काही दिसते, जे ‘संकेतभंग’ या एका शब्दाने झाकून जाते.

५

आता चित्रपटाच्या रूढ अर्थाकडे वळावयाचे. श्रेयनामावलीतील ‘व्हिएट ’६७’ या नोंदीमुळे हा लघुपट व्हिएतनाम युद्धाचे रूपक म्हणून ओळखला जातो : तरुण म्हणजे अमेरिका, दाढी म्हणजे युद्ध, रक्तबंबाळ होणे म्हणजे आत्मघात. हा अर्थ निराधार नाही. खुद्द स्कॉर्सेसी यांनी पुढे मुलाखतींतून हा चित्रपट जाणीवपूर्वक युद्धाविरुद्धचा संताप म्हणून केल्याचे सांगितले आहे. त्याच वेळी आपल्या मनात तेव्हा वेगळेच काही चालले होते आणि त्याचा युद्धाशी संबंध नव्हता, असेही त्यांनी म्हटले आहे. या दुहेरी कबुलीतला पहिला भाग समीक्षेने उचलला. दुसरा बहुधा मागे राहिला.

रूपकाचा हा अर्थ चुकीचा म्हणून नव्हे तर फार लवकर मिळतो म्हणून अडचणीचा आहे. ‘सायको’च्या शेवटी येणारा मानसोपचारतज्ज्ञ जे काम करतो तेच काम येथे ही नोंद हाती धरून समीक्षक करतो. भयाला एक देश आणि एक साल दिले की ते दुसऱ्याचे होते. प्रेक्षक गालावरचा हात खाली घेतो. चित्रपटाने सहा मिनिटे नाकारलेला आधार अर्थनिर्णयाने एका क्षणात परत मिळवून दिला जातो. शिवाय यात क्रमाकडे दुर्लक्ष होते. ती नोंद शेवटी आहे. जे काही सोसावयाचे ते प्रेक्षकाने तिच्याविना सोसलेले असते. नोंदीने अनुभवाला दिशा द्यावी हे मान्य. पण अनुभव नोंदीत विरघळून जाऊ नये.

रूपक बाजूला ठेवावे असे येथे सुचवावयाचे नाही. ते अधिक काटेकोर करावे एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली म्हणजे ‘व्हिएट’ची नोंद तिच्या जोडीच्या नोंदीसह वाचणे. मेल्व्हिल यांच्या १८५१ मधील ‘मोबी डिक’ या कादंबरीत देवमाशाच्या शुभ्रतेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावित्र्य, मांगल्य, वैभव यांचे प्रतीक म्हणून मानवजातीने पांढरा रंग मिरविला. तरीही त्या रंगाच्या गाभ्यात असे काही दडले आहे की रक्ताच्या तांबडेपणापेक्षाही ते मनाला अधिक भेडसावते, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. ज्या चित्रपटात रक्त एवढे सांडते त्याने श्रेय द्यावे ते शुभ्रतेला, हा योगायोग नव्हे. भयंकर ते रक्त नव्हे. भयंकर ती फरशी, ते बेसिन, तो बनियन, तो गुळगुळीत होऊ घातलेला गाल. रक्त हे त्या शुभ्रतेचे फलित आहे. १९६७ च्या अमेरिकेत वाढलेले केस आणि दाढी ही असंमतीची खूण बनली होती. तुळतुळीत चेहरा हा सैनिकाचा, कचेरीतील माणसाचा, आज्ञाधारक मुलाचा चेहरा होता. तरुण जे करतो ते वेड नव्हे, शिस्त आहे. शिस्तीला आपली सीमा ठाऊक नसणे हा चित्रपटाचा विषय आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रूपकाचा आधार प्रतिमेत न शोधता आवृत्तीत शोधणे. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची संख्या १९६५ च्या अखेरीस सुमारे १,८४,००० होती, १९६६ च्या अखेरीस सुमारे ३,८५,००० झाली आणि १९६७ च्या अखेरीस सुमारे ४,८५,००० वर पोहोचली. प्रत्येक वाढ ही आधीच्या वाढीचे काम पुरे करण्यासाठी होती. यात कोणत्याही एका टप्प्यावर ‘येथे युद्ध वेडाचे झाले’ अशी रेघ ओढता येत नाही. चित्रपटातील पात्याच्या फिरण्यातही अशी रेघ ओढता येत नाही, हे वर पाहिले. साम्य आहे ते रक्ताचे रक्ताशी नव्हे. एका न थांबणाऱ्या कृतीचे दुसऱ्या न थांबणाऱ्या कृतीशी आहे. असे पाहिले म्हणजे राजकीय अर्थ चित्रपटावर चिकटविलेला राहत नाही, त्याच्या रचनेतून निघतो. आणि ‘हा थांबत का नाही’ हे प्रेक्षकाचे भय देश आणि साल मिळाल्यावरही शमत नाही, उलट त्याला एक खरे स्थळ लाभते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एका विद्यार्थ्याच्या सहा मिनिटांच्या लघुपटावर एवढे ओझे लादणे योग्य आहे काय? लघुपटात कच्चेपणा आहे हे मान्य केले पाहिजे. गोड गाणे आणि रक्त यांतला विरोध एकदा लक्षात आल्यावर पुढे फारसा वाढत नाही. बनियन काढण्याच्या क्रियेची तुकडेवार पुनरावृत्ती ही त्या काळच्या फ्रेंच चित्रपटांकडून घेतलेली लकब वाटू शकते. कल्पना एकच आहे आणि ती मध्यावर उघड होते. पण यांतील काही उणिवा साधनांच्या मर्यादेतून आल्या असून त्याच मर्यादांनी कृतीला तिचे बळही दिले आहे. एकच खोली, एकच नट आणि मोजकी फिल्म असताना खुनी, पोलीस आणि उलगडा यांना जागाच नव्हती. मोठ्या चित्रपटाला जे आधार सहज परवडले असते ते येथे परवडले नाहीत, आणि दिग्दर्शकाने ती उणीव भरून काढण्याऐवजी तिलाच अर्थ दिला. विद्यार्थी-चित्रपटाचे मूल्यमापन करताना साधनांची मर्यादा ही सवलत म्हणून नव्हे, रचनेचा घटक म्हणून विचारात घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भयाला आश्रय नसेल आणि अंतर उरत नसेल, तर अशा अनुभवाला रसप्रतीती म्हणावयाचे की नुसता क्षोभ? परंपरानिष्ठ अभ्यासक म्हणेल की, जे आस्वाद्य नाही ते रसाच्या कक्षेबाहेरचे आहे आणि येथे काव्यशास्त्राची परिभाषा वापरणे हाच विपर्यास आहे. या आक्षेपात तथ्य आहे, कारण ‘द बिग शेव्ह’ हा आनंदाने पुन्हापुन्हा पाहावा असा चित्रपट नाही. तथापि गाण्याची संथ लय, फरशीच्या शुभ्रतेची काळजीपूर्वक जुळणी आणि हाताच्या हालचालीची नियमितता यांमुळे प्रेक्षक ओरडून उठून जात नाही, पाहत राहतो. अंतर नाहीसे झालेले नाही, ते कमीत कमी उरले आहे. आणि चित्रपट त्या उरलेल्या अंतराची परीक्षा घेतो. रससिद्धान्ताला मानवणारी उदाहरणेच निवडून तो शिकविला तर तो जपला जाईल, पण वापरला जाणार नाही. त्याला ताण देणारी उदाहरणेही वर्गात आली पाहिजेत.

पदव्युत्तर वर्गांच्या दृष्टीने या चर्चेचा रोख येथेच आहे. भयकथा, गूढकथा आणि त्यांना समांतर असणारे चित्रपट यांच्याकडे अभ्यासक वळू लागले आहेत, ही इष्ट गोष्ट आहे. मात्र संकेतांच्या याद्या करून आणि शेवटी एक सामाजिक अर्थ जोडून हा अभ्यास पुरा झाला असे मानले, तर लोकप्रिय प्रकारांविषयीचा जुना तुच्छताभाव नव्या वेषात टिकून राहील. कारण मग भय हे अर्थापर्यंत पोहोचण्याचे केवळ वेष्टन ठरते. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांतील घरगुती, परिचित वातावरण असो किंवा स्कॉर्सेसी यांचे स्नानगृह असो, भय कोणाच्या ठिकाणी उत्पन्न होते, ते दिसते कोठे आणि अखेर ते कोणाच्या स्वाधीन केले जाते, हे तीन प्रश्न प्रत्येक कृतीला विचारता येतील. त्यांची उत्तरे प्रत्येक कृतीत निराळी येतील आणि त्या निराळेपणातच कृतीचे स्वत्व सापडेल. ‘द बिग शेव्ह’पुरते उत्तर असे की, भय पात्राच्या ठिकाणी उत्पन्न होत नाही, ते प्रेक्षकाच्या देहावर दिसते, आणि चित्रपट संपताना ते परत घेण्यासाठी पडद्यावर कोणीही नसते.